मुका मार आणि बोलकी लक्षणे

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

मराठीत एक फार नेमका शब्द आहे : मुका मार. रक्त नाही, जखम नाही, वरून काही दिसत नाही; पण आत मार बसलेला असतो. हातापायाला मुका मार लागला तर चार दिवस शेकतो, लेप लावतो आणि विसरून जातो. डोक्याला लागलेल्या मुक्या माराची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो कधी अर्ध्या तासाने बोलू लागतो, कधी रात्री सगळे झोपल्यावर, तर कधी तीन आठवड्यांनी. त्याची भाषा समजायला माणसाला हजारो वर्षे लागली. आज त्याच प्रवासाबद्दल बोलायचे आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या मैदानापासून करू. २० फेब्रुवारी १९९८. ढाक्यामध्ये एक क्लब सामना चालू होता. भारताकडून कसोटी आणि एकदिवसीय सामने खेळलेला, दिल्लीचा भरवशाचा फलंदाज रमण लांबा फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, क्षेत्ररक्षणाला उभा राहिला. षटकातले थोडेच चेंडू उरले होते, म्हणून त्याने हेल्मेट मागवले नाही, असे सांगतात. फलंदाजाने जोरात मारलेला चेंडू त्याच्या कपाळावर आदळला आणि तिथून उडून यष्टिरक्षकाच्या हातात गेला. झेल झाला, फलंदाज बाद झाला. लांबा उठला. ठीक आहे म्हणाला आणि स्वतःच्या पायांनी तंबूत परतला. मोठी जखम दिसत नव्हती. थोड्या वेळाने त्याला अस्वस्थ वाटू लागले, मग शुद्ध हरपली. रुग्णालयात शस्त्रक्रिया करून मेंदूवर साचलेली रक्ताची गाठ काढली, पण उशीर झाला होता. २३ फेब्रुवारीला तो गेला. वय अवघे ३८.

चालत गेलेला, बोलत असलेला माणूस तीन दिवसांत जातो, हे कसे होते? ते समजण्यासाठी आधी डोक्याच्या आतली रचना थोडक्यात पाहू.

कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. तिच्यात तीनच गोष्टी असतात : मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचे पाणी. लहान बाळाची टाळू सोडली तर या पेटीला फुगायला जागा नाही. एक गोष्ट वाढली की दुसरीला जागा सोडावी लागते. अलेक्झांडर मन्रो या एडिंबरोच्या शरीरशास्त्रज्ञाने १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली याने १८२४ मध्ये हा साधा हिशेब मांडला. कवटीच्या आतून एक जाड आवरण असते, त्याला ड्यूरा म्हणतात. कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूला, हाडातल्या खाचेतून, एक धमनी जाते. तिथे मार बसून हाडाला चीर गेली की ही धमनी फाटू शकते. मग रक्त हाड आणि ड्यूरा यांच्यामध्ये साचत जाते. धमनीचे रक्त जोरात येते, म्हणून गाठ काही तासांत वाढते. ड्यूराच्या आत, मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरा तुटल्या तर तिथेही रक्त साचते; ते कधी झपाट्याने, तर कधी आठवडेच्या आठवडे हळूहळू.

यातली क्रूर गंमत अशी, की सुरुवातीच्या धक्क्याने आलेली भोवळ उतरते, माणूस शुद्धीवर येतो, पाणी पितो, घरी फोन करतो. तेवढ्यात आत रक्त साचतच असते. मेंदू थोडी जागा सोडतो, आणखी थोडी सोडतो आणि एका क्षणी जागा संपते. मधल्या या फसव्या काळाला वैद्यकात ल्युसिड इंटर्व्हल म्हणतात. आपण त्याला उसनी शुद्ध म्हणू. ती प्रत्येक रुग्णात दिसतेच असे नाही. काही जण पहिल्यापासून बेशुद्धच राहतात, काही जण आधी बेशुद्ध होतच नाहीत. पण जिथे ती असते, तिथे जीव वाचवण्याची संधीही तिच्यातच असते.

आता मागे जाऊ. १८६२ मध्ये एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने इजिप्तमधल्या लक्सर येथे एक जुना पपायरस विकत घेतला. त्याचे महत्त्व त्याच्या हयातीत कोणाला फारसे कळले नाही. पुढे जेम्स हेन्री ब्रेस्टेड या विद्वानाने त्याचा अनुवाद करून तो १९३० मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा जगाला कळले की ही इसवी सनापूर्वी सुमारे १६०० मध्ये उतरवून घेतलेली शस्त्रवैद्याची वही आहे आणि तिचा मूळ मजकूर त्याहूनही जुना आहे. वहीत ४८ रुग्णांची टिपणे आहेत आणि त्यांपैकी २७ डोक्याच्या दुखापतींची. मंत्रतंत्र जवळजवळ नाहीत. जखम बोटाने चाचपून पाहा, हाड हलते का पाहा, नाकाकानांतून रक्त येते का, मान ताठली आहे का, पाय ओढत चालतो का, हे सगळे त्यात आहे. शेवटी वैद्याचा निर्णय तीनपैकी एक : यावर मी उपचार करीन, याच्याशी मी झुंज देईन, किंवा हा उपचार करण्याजोगा आजार नाही. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वैद्याला मेंदूत काय घडते ते ठाऊक नव्हते. पण डोक्याचा मार आणि पायाचा लुळेपणा यांचा संबंध आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले.

ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या नावावरचा डोक्याच्या जखमांवरचा ग्रंथ आहे. जखम एका बाजूला असली तर झटके दुसऱ्या बाजूला येतात, हे निरीक्षण त्यात सापडते. कवटीला भोक पाडण्याची शस्त्रक्रिया कधी करायची, याचीही चर्चा त्यात आहे. हे भोक पाडण्याचे कौशल्य तर ग्रंथांच्याही आधीचे. पेरू देशात अशा कवट्या मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत आणि आपल्या काश्मीरमधल्या बुर्झाहोम येथील नवाश्मयुगीन वस्तीतही भोके पाडलेली एक कवटी सापडली. ती भोके कशासाठी पाडली, हे कवटी सांगत नाही. पण पेरूमधल्या अनेक कवट्यांच्या भोकांच्या कडा भरून आलेल्या दिसतात, म्हणजे ती माणसे त्यानंतर जगली होती.

आपल्या सुश्रुतसंहितेत शरीरातली १०७ मर्मे सांगितली आहेत. त्यांतली काही सद्यःप्राणहर, म्हणजे मार बसताच जीव घेणारी. या गटात कानशिलावरचे शंख मर्म आहे. धमनी फाटून आत रक्त साचते, हे तेव्हा कोणी पाहिले नव्हते. पण कानशिलावर बसलेला घाव जिवावर बेततो, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. मघाशी सांगितलेली पातळ हाडाची आणि खाचेतल्या धमनीची जागा ती हीच.

इतका अनुभव गाठीशी असूनही एक समजूत मात्र हटत नव्हती. डोके फुटले तर धोका. फुटले नाही तर माणूस वाचला. हाड हा निकष. या समजुतीला पहिला मोठा तडा गेला तो एका राजाच्या मृत्यूने.

३० जून १५५९. पॅरिसमध्ये राजघराण्यातल्या लग्नांचा आणि स्पेनशी झालेल्या तहाचा उत्सव चालला होता. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री स्वतः घोड्यावर बसून भाल्यांच्या खेळात उतरला. समोर होता त्याच्याच रक्षकदलाचा नायक माँगोमेरी. टक्कर झाली, माँगोमेरीचा भाला मोडला आणि त्याच्या ढलप्या राजाच्या शिरस्त्राणातून आत घुसून उजव्या डोळ्यावर लागल्या. राजाच्या उशाशी त्या काळातले दोन सर्वश्रेष्ठ वैद्य जमले : फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रवाझ पारे आणि ब्रसेल्सहून पाठवलेला शरीरशास्त्रज्ञ व्हेसालियस. मृत्युदंड झालेल्या कैद्यांच्या मस्तकांवर भाल्याचे वार करून जखम कशी झाली असेल ते शोधण्याचाही प्रयत्न झाला, असे वृत्तान्त आहेत. उपयोग झाला नाही. १० जुलैला राजा गेला.

शवविच्छेदनात जे दिसले ते पारेने लिहून ठेवले. कवटीचे हाड मोडले नव्हते. रक्त साचले होते, पण ते मार लागला त्या जागी नव्हते, तर विरुद्ध बाजूला, डोक्याच्या मागच्या अंगाला. धक्का पुढून बसला, मेंदू आतल्या आत हेलकावला आणि इजा मागे झाली. बरणीतल्या मुरंब्याला हिसका द्यावा आणि तो पलीकडच्या काचेवर आदळावा, तसे. हाड शाबूत आणि माणूस मृत, ही गोष्ट युरोपातल्या सर्वांत नामांकित रुग्णाच्या बाबतीत, सर्वांत नामांकित वैद्यांच्या डोळ्यांदेखत घडली होती. फ्रान्सला याची किंमत मोठी पडली. गादीवर पंधरा वर्षांचा मुलगा आला आणि त्यानंतरची काही दशके देश धार्मिक यादवीत होरपळला.

पुढचे पाऊल अठराव्या शतकातले. पॅरिसचा शस्त्रवैद्य झाँ-लुई पेती याने एक साधा प्रश्न विचारला : माणूस बेशुद्ध कधी झाला? मार लागताक्षणी बेशुद्ध झाला असेल तर तो मेंदूला बसलेला हादरा. पण आधी शुद्धीवर होता आणि नंतर बेशुद्ध झाला असेल, तर आत काहीतरी साचते आहे आणि ते मेंदूला दाबते आहे. बेशुद्धी दोन्हीकडे सारखीच दिसते. फरक फक्त वेळेचा. मला विचाराल तर या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. त्याला उपकरण लागत नाही, घड्याळ आणि लक्ष एवढेच लागते. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातल्या पर्सिव्हल पॉट याने १७६० मध्ये डोक्याच्या जखमांवर पुस्तक लिहिले आणि धोका हाड मोडण्यात नाही, तर आतल्या इजेत आणि दाबात आहे, हे शस्त्रवैद्यांच्या गळी उतरवले. प्रश्न बदलला. हाड मोडले का, याऐवजी आत दाब वाढतो आहे का, असा तो झाला.

दाब वाढतो आहे हे बाहेरून ओळखायचे कसे? याचे एक उत्तर डोळ्यांत मिळाले. लंडन हॉस्पिटलमधले जोनाथन हचिन्सन यांनी १८६० च्या दशकात लक्ष वेधले की अशा रुग्णाच्या एका डोळ्याची बाहुली मोठी होते आणि दिवा धरला तरी आकसत नाही. कारण असे : गाठीने ढकललेला मेंदू खाली सरकतो आणि त्या डोळ्याकडे जाणाऱ्या नसेला दाबतो. बहुतेक वेळा ज्या बाजूची बाहुली मोठी, त्याच बाजूला रक्त. आणि लुळेपणा विरुद्ध बाजूच्या हातापायांत. काचेसारखी स्थिर झालेली ती बाहुली म्हणजे आतल्या अंधारात काय चालले आहे ते सांगणारी खिडकीच होती. १८८६ मध्ये लंडनच्याच गाइज हॉस्पिटलमधले जेकबसन यांनी कानशिलाजवळच्या धमनीतून होणाऱ्या रक्तस्रावाच्या अनेक रुग्णांचा एकत्र अभ्यास मांडला आणि मधल्या उसन्या शुद्धीचे महत्त्व ठसवले. कानामागे एक-दोन दिवसांनी उमटणारा काळानिळा डाग ही कवटीच्या तळाचे हाड मोडल्याची खूण, हे विल्यम बॅटल यांनी दाखवले. ती खूण आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

याच काळात एक घोळ वारंवार होई. रस्त्यात पडलेला, घोरणारा, तोंडाला दारूचा वास येणारा माणूस दिसला की पोलीस त्याला दारुडा समजून कोठडीत टाकत आणि सकाळी तो मेलेला सापडे. विलायतेत यावर बरीच टीका झाली. प्यायलेला माणूस पडतोही अधिक आणि त्याच्या डोक्याला मारही लागतो. नशा आणि रक्तस्राव एकाच वेळी असू शकतात, ही गोष्ट तेव्हा समाजाच्या गळी उतरायला वेळ लागला. आपल्या गावगाड्यात ती आजही पुरती उतरली आहे असे म्हणवत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेचे हार्वे कुशिंग स्वित्झर्लंडमधल्या बर्न येथे कोखर यांच्याकडे काम करत होते. कवटीतला दाब वाढवला तर शरीर काय करते, हे त्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून पाहिले. रक्तदाब चढतो, नाडी मंदावते, श्वास अनियमित होतो. दाबाखाली गुदमरलेल्या मेंदूपर्यंत रक्त पोचवण्यासाठी शरीराने केलेली ती शेवटची धडपड असते. म्हणून डोक्याला मार लागलेल्या माणसाची नाडी संथ झाली की ‘आता शांत झोपलाय’ असे म्हणून समाधान मानायचे नसते.

म्हाताऱ्या माणसांचे कोडे १९१४ मध्ये उलगडले. वृद्धांच्या मेंदूवर कधी कधी जुन्या, काळपट रक्ताची पिशवी सापडे. जर्मनीचे थोर विकृतिशास्त्रज्ञ व्हिर्खो यांनी १८५७ मध्ये ती आवरणाला आलेली सूज ठरवली होती आणि एवढ्या मोठ्या माणसाचे मत कोण खोडणार? लंडनच्या विल्फ्रेड ट्रॉटर यांनी ते खोडले. ही सूज नव्हे, हा जुना मार आहे, असे त्यांनी मांडले. वय वाढले की मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या आणि कवटीच्या मधल्या शिरा ताणल्या जातात. मग मोरीत पाय घसरला, दाराची चौकट लागली, एवढेही त्या तुटायला पुरते. रक्त थेंबाथेंबाने साचते आणि तीन आठवड्यांनी आजोबा विसराळू होतात, चालताना झोकांड्या जातात, दिवसभर पेंगतात. घरचे म्हणतात, वय झाले. पडल्याची गोष्ट तोवर सगळे विसरलेले असतात. खेदाची बाब ही, की हा आजार वेळेवर ओळखला तर बहुतेकदा छोट्या शस्त्रक्रियेने बरा होतो.

लक्षणे कळली, तरी गाठ नेमकी कुठे आहे हे पाहण्याची सोय नव्हती. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, पण क्ष-किरणांच्या साध्या चित्रात हाड दिसते, रक्त दिसत नाही. १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी धमनीत औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र काढले, तेव्हा त्या वाहिन्या कुठे सरकल्या आहेत यावरून अंदाज बांधता येऊ लागला. तेवढा वेळ नसेल तर शस्त्रवैद्य लक्षणांवर विसंबून कवटीला भोके पाडून पाहत.

या काळातली एक घटना आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटप्रेमींना आठवत असेल. १७ मार्च १९६२, बार्बाडोस. भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळला आणि कवटीचे हाड मोडले. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त द्यायला वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आला आणि त्याच्याबरोबर आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर. कॉन्ट्रॅक्टर कित्येक दिवस मृत्यूच्या दारात होता. तो वाचला. नंतर वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. जेकब चांडी यांनी त्याच्या कवटीत धातूची पट्टी बसवली. १९४९ मध्ये भारतातला मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग ज्यांनी उभारला, ते हे चांडी. मुंबईत या शास्त्राची पायाभरणी डॉ. राम गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर यांच्या पिढीने केली. कॉन्ट्रॅक्टर पुढे प्रथम श्रेणीचे सामने खेळला, कसोटी मात्र पुन्हा नाही. साठ वर्षे डोक्यात राहिलेली ती पट्टी एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत काढण्यात आली.

मग आले १९७१ साल. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ई.एम.आय. कंपनीतले अभियंते गॉडफ्री हौन्सफील्ड यांनी क्ष-किरण आणि संगणक यांची सांगड घातली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विम्बल्डन येथील अ‍ॅट्किन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. कवटी न उघडता आतले रक्त पहिल्यांदाच प्रत्यक्ष दिसू लागले. १९७९ मध्ये हौन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना नोबेल मिळाले. पॉट आणि पेती ज्याचा अंदाज बांधत होते, ते आता पांढऱ्या डागाच्या रूपात समोर होते.

पण यंत्रापर्यंत रुग्ण पोचायला हवा आणि कोणाला आधी पाठवायचे ते कळायला हवे. ‘अर्धवट शुद्धीत’, ‘गुंगीत’ असले शब्द प्रत्येक डॉक्टर वेगळ्या अर्थाने वापरत असे. ग्लासगोच्या ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये यावर सोपी मोजपट्टी काढली. तीन गोष्टी पाहायच्या : डोळे उघडतो का, बोलतो कसा, हातपाय हलवतो कसे. डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, असे जास्तीत जास्त १५ गुण आणि कमीत कमी ३. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. मोजपट्टीचे खरे बळ एका आकड्यात नाही, तर दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. तासापूर्वी १५ होते आणि आता १३ आहेत, तर आत काहीतरी घडते आहे. पेतीचाच तो प्रश्न, आता परिचारिकेच्या तक्त्यावर आला. लगोलग १९७५ मध्ये ग्लासगोच्याच मंडळींनी एक अस्वस्थ करणारा अभ्यास मांडला : मार लागल्यानंतर बोललेले आणि तरीही दगावलेले रुग्ण. जो बोलला, त्याचा मेंदू त्या क्षणी चालत होता. म्हणजे नंतर जे घडले त्यातले काही तरी टाळता आले असते.

२००९ या एकाच वर्षातल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. मार्चमध्ये कॅनडात बर्फावर घसरण्याचा खेळ शिकताना अभिनेत्री नताशा रिचर्डसन पडल्या. वय ४५. काही झाले नाही म्हणून हसत उठल्या. बोलावलेली रुग्णवाहिका परत गेली. थोड्या वेळाने डोके दुखू लागले. दोन दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा मृत्यू झाला. कारण कवटी आणि ड्यूरा यांच्यामधला रक्तस्राव. दुसरी घटना मे महिन्यातली, ऑस्ट्रेलियातल्या मेरीबरो या छोट्या गावातली. एक शाळकरी मुलगा सायकलवरून पडला. क्षणभर शुद्ध गेली, मग ठीक वाटले, नंतर डोके दुखू लागले. त्याची आई परिचारिका होती. तिला शंका आली आणि तिने त्याला रुग्णालयात नेले. तिथे त्याची शुद्ध हरपू लागली, एक बाहुली मोठी झाली. गावच्या डॉक्टरांनी ती खूण ओळखली. कवटीला भोक पाडण्याचे हत्यार नव्हते, म्हणून रुग्णालयाच्या दुरुस्ती खोलीतला घरगुती ड्रिल निर्जंतुक करून घेतला आणि मेलबर्नमधल्या मेंदूच्या शल्यविशारदाशी फोनवर बोलत बोलत भोक पाडले. साचलेले रक्त वाहून गेले. मुलाला विमानाने मेलबर्नला नेले आणि तो बरा झाला.

एकीकडे प्रगत देशातली सारी साधने हाताशी होती, तर दुसरीकडे सुताराच्या खोलीतला ड्रिल. फरक पडला तो लक्षण ओळखण्याने आणि ते वेळेत ओळखण्याने.

म्हणून हजारो वर्षांच्या या शहाणपणातून आपण घरी काय आणायचे? डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी वाढत चालली असेल, एकापेक्षा जास्त वेळा उलटी झाली, माणूस पेंगू लागला, हाक मारून नीट उठेना, बरळू लागला, वार-तारीख-माणसे चुकू लागली, जीभ जड झाली, एक हात किंवा पाय लुळा पडला, एक बाहुली मोठी दिसली, झटका आला, नाकातून किंवा कानातून रक्त वा पाण्यासारखा स्राव आला, तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या वाहनाने सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. तान्हे बाळ सांगू शकत नाही. त्याची टाळू फुगली, ते दूध ओढेना, एकसारखे रडू लागले किंवा नेहमीपेक्षा मलूल पडले, तर तेच त्याचे सांगणे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत एखादेही लक्षण दिसण्याची वाट पाहू नका. थेट डॉक्टरांकडे न्या.

काही समजुतीही सोडायला हव्यात. ‘रक्त बाहेर आले म्हणजे आत साचणार नाही’, हे खरे नाही. दोन्ही एकदम होऊ शकते. शुद्ध गेली नाही म्हणजे धोका नाही, हेही खरे नाही. टेंगूळ जोरजोरात चोळू नये. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात चहा-पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. डोके दुखते म्हणून अ‍ॅस्पिरिन देऊ नये. त्याने रक्त थांबायला वेळ लागतो. झोपेबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल तर झोपू द्यायला हरकत नाही. त्यांनी सांगितले असेल तसे मधूनमधून उठवून पाहावे. तपासलेच नसेल आणि माणूस अवेळी ढाराढूर झोपी जात असेल, तर ती झोप नाही, ते लक्षण आहे. पहिले चोवीस तास कोणीतरी जवळ असावे. वयस्कर माणसांच्या बाबतीत पडल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि पुढचे काही आठवडे लक्ष ठेवावे.

मार लागूच नये, हे तर सर्वांत चांगले. १३ मे १९३५ रोजी ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी शुद्धीवर न येताच गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी एक, ह्यू केर्न्स यांच्या मनातून तो मृत्यू गेला नाही. त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि हेल्मेटने जीव वाचतात हे १९४१ मध्ये लष्कराच्या संदेशवाहकांची उदाहरणे देऊन दाखवले. पुण्यात हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की आजही वाद रंगतात. त्या वादात केर्न्स यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, ते घ्यायला हवे.

रस्त्यावर पडलेल्या अनोळखी माणसाबद्दल एक शब्द. पोलिसांचे लचांड मागे लागेल म्हणून लोक पुढे होत नाहीत. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. तोंडाला वास येतो म्हणून त्याला ‘पिऊन पडलाय’ असे म्हणून ओलांडून जाऊ नका.

इजिप्तच्या त्या अनामिक वैद्याकडे यंत्र नव्हते. तो रुग्णाजवळ बसला, त्याने पाहिले, चाचपले आणि जे दिसले ते लिहिले. पेतीने वेळ विचारली, हचिन्सनने डोळ्यांत पाहिले, ग्लासगोच्या डॉक्टरांनी रुग्णाला बोलते केले. स्कॅनचे काम यंत्राचे आहे, पण त्याच्या आधीचे हे सारे काम माणसाचे आहे आणि ते घरातल्या कोणालाही जमते. मुका मार बोलतो. तो बोलेल तेव्हा जवळ कोणीतरी जागे असावे, एवढेच.